छोट्या ख्रिस्ती मंडळीला चांगलं वळण लावताना: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांत, कुरबुरी वाढल्या की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय सुचतो तो शिबिराचा. पाचगणीला किंवा लोणावळ्याला दोन दिवस, बाहेरचा वक्ता, शेवटच्या रात्री डोळ्यांत पाणी आणि एकमेकांची क्षमा. दोन रविवार सगळं छान चालतं. तिसऱ्या रविवारी कपाटाची चावी कुणाकडे, यावरून तीच दोन घरं पुन्हा समोरासमोर येतात. शिबिरात वाईट काही नाही, फक्त ते चुकीच्या जागी आलेलं असतं. दान कोण मोजतं, तक्रार कुठे जाते, एकाच माणसाच्या डोक्यावर किती कामं आहेत, अशा दर आठवड्याला घडणाऱ्या गोष्टींतून मंडळीला वळण लागतं. त्या आधी नीट करायच्या. प्रेमभोजनं (सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण), शिबिरं, नवी गीतं नंतर.

खालचे टप्पे ४० ते ८० उपस्थितीच्या, साधारण १२ ते २० घरांच्या मराठी मंडळीसाठी आहेत. अशा मंडळीत निम्मी माणसं एकमेकांची सोयरी असतात आणि पाळक (पास्टर) बऱ्याचदा दोन-तीन मंडळ्या सांभाळतात. मोठ्या शहरी चर्चचे आराखडे इथे बसत नाहीत. तिथे अडचण अनोळखीपणाची असते, इथे अति ओळखीची. पंच, वडील, डीकन, पास्टोरेट कमिटी यांपैकी तुमच्याकडे जे कुणी कारभार पाहतं त्याला या लेखात सरसकट ‘कमिटी’ म्हटलं आहे.

## तयारी: सहा रविवार नुसतं पाहा

कधी सुरू करावं. शाळा सुरू झाल्यावर, जूनच्या मध्यापासून. डिसेंबरमध्ये नाताळची धांदल असते, ईस्टरआधीच्या उपवासकाळात नेहमीपेक्षा वेगळा कार्यक्रम असतो, आणि एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि सुट्ट्या. गावाकडच्या मंडळीतली काही घरं ऊसतोडीला जात असतील तर ती दिवाळीच्या आसपास निघतात आणि थेट उन्हाळ्यात परततात. त्यांच्या माघारी घेतलेला निर्णय त्यांना आपला वाटत नाही, म्हणून मोठे निर्णय ऑक्टोबरच्या आत उरका.

काय टिपायचं. एक साधी वही घ्या. दर रविवारी उपासनेची जाहीर वेळ आणि खरी सुरुवात, सुरुवातीची उपस्थिती आणि २० मिनिटांनंतरची उपस्थिती, सूचना किती मिनिटं चालल्या, उपासना संपल्यावर कोण लगेच निघून गेलं आणि १५ मिनिटांनी किती जण अंगणात होते, नवा माणूस आला तर त्याच्याशी पहिलं कोण बोललं. याशिवाय एकदाच एक यादी करा: चर्चच्या किती चाव्या आहेत आणि त्या कुणाकुणाकडे आहेत. ही यादी करतानाच निम्मं दुखणं कळतं.

घरभेटी. सगळ्या घरांना तेच तीन प्रश्न विचारा:

- गेल्या वर्षभरात उपासनेहून परतताना मन कधी जड झालं होतं का?
- मंडळीत काही खटकलं तर तुम्ही ते कुणाला सांगता?
- कोण येईनासं झालं, आणि त्या माणसाला शेवटचं कोण भेटलं?

भेटीला दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी, आणि दोघांपैकी कुणीही त्या घरचं सोयरं नसावं. घरात वही उघडू नका. बाहेर पडल्यावर लिहा.

> सावधान: ऐकताना खुलासे देऊ नका. “तसं नव्हतं हो ते” एवढं एक वाक्य पुढच्या चार घरांची तोंडं बंद करतं, कारण संध्याकाळपर्यंत ते तिथे पोचलेलं असतं.

> तपासा: दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर “कुणालाच नाही” किंवा “घरातच बोलतो” असं आलं, तर टप्पा २ ला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ ठेवा.

## टप्पा १: पैसे आणि चाव्या

इथून सुरुवात करण्याचं कारण व्यवहारी आहे. पैशाबद्दल संशय असेल तर बाकी कुठल्याच सुधारणेवर विश्वास बसत नाही. खजिनदार शंभर टक्के प्रामाणिक असला तरी पद्धत नसेल तर संशय येतोच, आणि तो त्या प्रामाणिक माणसालाच भोगावा लागतो. बायबलमध्येही यरुशलेमेच्या मंडळीसाठी जमवलेली वर्गणी प्रेषित पौलाने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली आणि कुणी दोष लावू नये म्हणून असं केलं, हेही लिहून ठेवलं (२ करिंथकरांस ८:१९-२१). खजिनदाराला वाईट वाटत असेल तर हा उतारा दाखवा.

१. दान उपासना संपल्यावर लगेच, चर्चमध्येच, उघड्या दाराच्या खोलीत मोजा. थैली कुणाच्याही घरी जाता कामा नये.

२. मोजणारे दोघे, वेगवेगळ्या घरांतले. सहा ते आठ जणांची पाळी लावा, त्यात बाया आणि तरुण हवेत. खजिनदार मोजणीत नसावा. मोजलेली रक्कम सही करून घेणं एवढंच त्याचं काम.

३. छापील तक्ता ठेवा: ५००, २००, १००, ५०, २०, १० च्या नोटा किती, नाणी किती, पाकिटं किती, एकूण. खाली दोघांच्या सह्या. तक्त्याच्या दोन प्रती, एक खजिनदाराकडे आणि एक चिटणिसाकडे.

४. रक्कम सोमवारी किंवा बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी पूर्णच्या पूर्ण भरा. जमेतूनच चहा, फुलं, रिक्षा असं वळतं करून उरलेलं भरायचं, ही सर्वांत नेहमीची चूक. खर्चासाठी ठरावीक रकमेची किरकोळ रोकड वेगळी ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक खर्चाची पावती घ्या.

५. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. “तात्पुरता” म्हणून लावलेला खजिनदाराचा कोड वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो.

६. बँक खात्यावर तीन सह्या नोंदवा. कुठल्याही दोन सह्यांनी व्यवहार व्हावा. तिघे तीन घरांतले असावेत.

७. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फलकावर चार ओळी लावा: आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. सविस्तर वही मागेल त्याला पाहायला मिळेल असं खाली लिहा, आणि खरंच दाखवा.

८. चाव्यांची नोंदवही करा. चावी कुणाला, कधी दिली, कधी परत आली. दानाच्या पेटीची चावी आणि कपाटाची चावी एकाच माणसाकडे नको.

उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानून दिलेल्या) दानाबरोबर नाव आणि रक्कम दोन्ही वाचून दाखवायची रीत अनेक ठिकाणी आहे. नाव आणि कारण वाचा, रक्कम वाचू नका. ५१ रुपये देणारी आजी पुढच्या वर्षी गप्प बसते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

अडलेल्यांसाठीचा मदत निधी वेगळा ठेवा आणि त्याचा निर्णय तिघांवर सोपवा. एका वेळी जास्तीत जास्त किती द्यायचं ते आधीच ठरलेलं असावं. फलकावर रक्कम येते, नाव येत नाही. मंडळीच्या पैशातून उसने मात्र कुणालाही देऊ नका. उसने पैसे परत येत नाहीत आणि घेणाराही यायचा थांबतो.

> सावधान: मंडळी स्वतंत्र न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. इमारत मातृसंस्थेच्या किंवा डायोसिसच्या (बिशपच्या अखत्यारीतल्या प्रांताच्या) नावावर असेल तर दुरुस्ती, भाडं, नवं खातं यांपैकी काहीही करण्याआधी त्यांचं लेखी उत्तर घ्या.

> सावधान: परदेशी नागरिकाकडून येणारा पैसा, मग तो माणूस मूळचा आपल्याच गावचा असला तरी, एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा त्यात येत नाही. म्हणून देणाऱ्याचा पासपोर्ट कुठला, हे आधी विचारा.

> तपासा: सलग आठ रविवारांचे तक्ते आणि बँकेच्या नोंदी रुपया न् रुपया जुळल्या? मगच पुढे चला.

## टप्पा २: तक्रारीला वाट करून द्या

वाट नसली की तक्रार तीन ठिकाणी मुरते: भाजी निवडताना, व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि प्रार्थना विनंतीत. तिसरं ठिकाण सर्वांत अवघड, कारण त्याला भक्तीचा पोशाख असतो. “अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तुम्हाला ठाऊकच आहे काय चाललंय” या एका वाक्यात प्रार्थना किती आणि बातमी किती, ते सगळ्यांना कळतं, पण टोकायचं कुणी?

त्यासाठी प्रार्थना सभेचा नियम असा ठरवा: स्वतःसाठी विनंती कुणीही करावी. दुसऱ्यासाठी करायची तर त्या माणसाला आधी विचारलेलं असावं. चालवणाऱ्याने प्रत्येक वेळी एवढंच विचारायचं, “त्यांना विचारलंय ना?” नसेल विचारलं तर नाव न घेता प्रार्थना करून पुढे जायचं. चार-सहा आठवड्यांत सवय लागते.

तक्रारीची पद्धत अर्ध्या पानावर लिहा. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम सगळ्यांना पाठ असतो: आधी एकट्याने, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. घोटाळा पहिल्या पायरीवर होतो. लोक ती गाळतात आणि थेट पाळकांकडे येतात. पाळकही ऐकून घेतात, कारण नाही म्हणणं जिवावर येतं. त्या वेळी पाळकांनी एकच विचारावं: “त्यांच्याशी बोललात का? नसेल, तर कधी बोलाल? मी पुढच्या रविवारी विचारीन.” आणि खरंच विचारावं.

- तक्रार घ्यायला दोन माणसं नेमा, एक बाई आणि एक पुरुष. दोघेही पाळकांच्या घरचे नकोत. निदान एक जण कमिटीबाहेरचा हवा.
- सात दिवसांत भेट, २१ दिवसांत उत्तर. उत्तर “जमणार नाही” असं असलं तरी ते मिळालं पाहिजे.
- निनावी पत्र बैठकीत वाचायचं नाही. अपवाद फक्त मुलांच्या सुरक्षिततेचा, हिंसेचा किंवा पैशाच्या अफरातफरीचा.
- तक्रार पाळकांविरुद्ध असेल तर ती कुणाकडे जाईल हे नावानिशी नाही तरी पदानिशी लिहून ठेवा: डायोसिसचं कार्यालय, चर्चचे जिल्हा अधीक्षक, जे तुमच्या पंथात असेल ते.

> सावधान: “आधी एकट्याने जाऊन बोल” हा नियम मारहाण, लैंगिक त्रास किंवा धमकी सोसलेल्या माणसाला लावू नका. भांडण झालेल्या दोन बरोबरीच्या माणसांसाठी तो आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला समजूत काढायला परत घरी पाठवणं म्हणजे मंडळीने मारणाऱ्याची बाजू घेणं.

व्हॉट्सअ‍ॅपचे दोन गट करा. एका गटात फक्त सूचना, पाठवणारे तिघेच. दुसरा गप्पांचा, आणि त्यात मंडळीच्या कारभाराचा विषय निघाला की “बैठकीत घेऊ” एवढंच उत्तर. रात्री दहानंतर कुठल्याच गटावर काही नाही, कारण भांडणाचे बहुतेक मजकूर त्याच वेळी लिहिले जातात.

## टप्पा ३: मुलांची सुरक्षितता

हा टप्पा लहान आहे, पण कामं वाटायच्या आधीच करायचा, कारण पुढच्या टप्प्यात नवी माणसं संडे स्कूलमध्ये (मुलांच्या रविवारच्या वर्गात) येणार आहेत.

कुठल्याही वर्गात दोन मोठी माणसं, आणि ती दोघं नवरा-बायको नसावीत. दार उघडं. मुलाला एकट्याला गाडीवरून सोडायचं नाही. नवा माणूस सहा महिने मंडळीत दिसल्याशिवाय वर्गात मदतीला नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. पाळक, पंच, शिक्षक, कुणालाही यात सूट नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लावा.

> सावधान: दोन घरांना बसवून “आपसात मिटवणं” हा इथे पर्यायच नाही. आरोपी कितीही जवळचा असला, नातेवाईक कितीही हात जोडत असले, तरी नाही.

## टप्पा ४: कामांची वाटणी

कागदावर उभी सगळी कामं लिहा, आडवी नावं. संडे स्कूल, गायन, पेटी-तबला, साउंड, झाडलोट, प्रभुभोजनाची तयारी, चहा, आजारी भेटी, चाव्या, हिशेब, महिला मंडळ, तरुण संघ. ६० माणसांच्या मंडळीत सहसा पाच-सहा नावांपुढेच सगळ्या खुणा दिसतात. त्या पाच-सहांना दोष देऊ नका, मंडळी त्यांच्यावरच उभी राहिलेली असते. पण थकलेला माणूस चिडका होतो आणि त्याची चिडचिड हीच हळूहळू मंडळीची रीत होऊन बसते.

१. एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन कामं.

२. प्रत्येक कामाला हाताखालचा माणूस. पहिले तीन महिने त्याने पाहायचं, पुढचे तीन महिने करायचं आणि जुन्याने पाहायचं. मग जुन्याने त्या कामातून पूर्ण बाहेर. मागच्या बाकावरून सूचना नाहीत.

३. पदाची मुदत तीन वर्षं, नंतर निदान एक वर्ष सुट्टी.

४. कमिटीत एका घरातला एकच. मतदान गुप्त चिठ्ठीने. हात वर करून मतदान घेतलं की सासऱ्यासमोर सून कशी वेगळं मत देणार?

५. पाळकांचा आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा, आणि तो फलकावर जाहीर. त्यांच्या पत्नीला कुठलंही काम गृहीत धरून द्यायचं नाही. विचारून द्यायचं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपला.

काम कुणाला द्यावं याचा उत्तम नमुना प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची वाढणीत आबाळ होते अशी तक्रार आली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार त्यांच्याच हाती पळी दिली. तुमच्याकडे तरुण म्हणत असतील की गायनात आम्हाला विचारत नाहीत, तर महिन्यातला एक रविवार गीतं निवडण्यापासून त्यांच्या हाती द्या. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातली किती आणि नवी किती, एवढंच आधी बोलून घ्या. खुर्च्या लावायला आणि वायरी ओढायलाच फक्त तरुण लागतात असं चित्र असेल, तर ते बारावीनंतर पुण्या-मुंबईला जातील आणि सुट्टीतसुद्धा चर्चला येणार नाहीत.

> तपासा: सर्वांत कामसू माणूस सलग तीन रविवार गावाला गेला तर काय काय अडेल? जे अडेल तिथे हाताखालचा माणूस अजून तयार नाही.

## टप्पा ५: बैठक आणि रविवार

बैठकीची विषयपत्रिका तीन दिवस आधी, वेळ ९० मिनिटं, मागचं इतिवृत्त वाचून सही. एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा: ‘आयत्या वेळचे विषय’ यात पैशाचा किंवा माणसाच्या नेमणुकीचा विषय घ्यायचा नाही. छोट्या मंडळ्यांतले बरेच जुने वाद रात्री साडेनऊला, अर्धे लोक उठून गेल्यावर घेतलेल्या अशाच ठरावांपासून सुरू झालेले असतात. स्वतःच्या नातेवाइकाचा विषय असेल तर त्या सभासदाने खोलीबाहेर जावं आणि तसं इतिवृत्तात लिहावं.

रविवारी उपासना वेळेवर सुरू करा, दहाच माणसं असली तरी. उशिरा येणाऱ्यांची वाट पाहणं म्हणजे वेळेवर आलेल्यांना शिक्षा. हे बदलायला सहा आठवडे लागतात, आणि पहिले दोन अगदी रिकामे वाटतात. सूचना तीन मिनिटांत, एकाच माणसाने.

नव्या माणसाला उभं करून ओळख द्यायला लावू नका. दारात दोघे असावेत, एकाने बसायला जागा आणि गीतांचं पुस्तक द्यावं, दुसऱ्याने उपासनेनंतर चहापर्यंत सोबत करावी. पहिल्या बाकांवर ठरावीक घरांचा मूक हक्क असेल तर तो दारातल्या माणसानेच मोडावा, नव्याला तिथे बसवून. (याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय बाकांच्या याच भांडणाने सुरू होतो.) नाव, पगार, नोकरी, लग्न, कुठल्या गावचे असे प्रश्न एका दमात नकोत. येणारा दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याचा फोटो किंवा नाव कुठेही टाकू नका.

न आलेल्यांसाठी साधा हिशेब ठेवा: दोन रविवार दिसलं नाही की फोन, तिसऱ्याला घरभेट. फोन पाळकांनी करायचा नाही. पाळकांचा फोन आला की माणूस सबब सांगतो, शेजारणीचा आला की खरं सांगतो. फोनवर “का आला नाहीत?” असं न विचारता “बरं आहे ना सगळं?” असं विचारा.

> तपासा: उपासना संपल्यावर १५ मिनिटांनी किती जण अंगणात आहेत ते मोजा आणि तयारीच्या वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. दानाच्या रकमेपेक्षा हा आकडा आधी हलतो.

## टप्पा ६: शिबिर, प्रेमभोजन आणि बाकीचं

आता घ्या. हंगामाच्या सणाला प्रेमभोजन ठेवाल तर पंगतीत घरं मिसळून बसवा आणि वाढायला कमिटीचे लोक उभे करा. खर्च आधी मंजूर, हिशेब पुढच्या रविवारी फलकावर.

## पाळकांची बदली झाली तर

वळण लागत असताना पाळक बदलले तर सगळं सहा महिन्यांत पुन्हा जुन्या वळणावर जाऊ शकतं. ते टाळायला एक फाइल चिटणिसाकडे तयार ठेवा: चाव्यांची नोंदवही, बँकेच्या सह्यांची यादी, न्यासाची कागदपत्रं किंवा मातृसंस्थेची पत्रं, तक्रारीच्या पद्धतीचं अर्धं पान, चालू तक्रारी बंद पाकिटात, मुलांच्या वर्गांचे नियम, कामांचा उभा-आडवा तक्ता, आणि घरभेटींत नियमित औषधपाणी किंवा मदत लागणारी घरं. नवे पाळक आल्यावर पहिल्या आठवड्यात ही फाइल कमिटीच्या निदान तिघांनी मिळून त्यांच्या हाती द्यावी. एकट्याने दिली की ती त्या एकट्याची बाजू ठरते. आणि जुन्या पाळकांच्या चाव्या त्यांचं सामान टेम्पोत चढायच्या आधी वहीत परत नोंदवून घ्याव्यात.